अर्ध्या किलोखालचं

बर्फाच्या फॅक्टरीतला काटा
अर्ध्या किलोखालचं काही मानत नाही.
कंगवा ठेवला, शून्य.
पंक्चरचं पाकीट, सोल्युशनची ट्यूब, शून्य.
सुईदोरा, बॅटरी, आमसुलांची पुडी,
मिठासाखरेची चार पाकिटं, शून्य, शून्य.
अशी एकेक शून्यं भरत गेले
आणि पिशवी उचलेना.

बारक्या हमाल हसला,
"चोगलेबाई, लादी फोडून देऊ का तुमची?"
मग सगळं परत उपसलं.
दुसरा टॉवेल गेला. छत्री गेली.
टूथब्रशची मूठ विळीवर कापली,
कापताना स्वतःचीच लाज वाटली, तरी कापली.

बावीस वर्षं ह्या टेबलावर मी लिहितेय
बोटीचं नाव, गाव, लाद्या.
जयगड बारा. देवगड तीस. आचरा, मालवण, वेंगुर्लं.
अक्षर चांगलं आहे माझं, तांडेलसुद्धा म्हणतात.
गाव मात्र त्यातलं एकही पाहिलेलं नाही,
आणि मी लिहिलेलं वजन
बंदराबाहेर पडलं की गळायला लागतं.

नकाशात किनारा म्हणजे एक वेडीवाकडी रेघ,
बोट फिरवलं की अर्ध्या मिनिटात रेडी.
लियाकत होडेकर म्हणतो, बोटानं नको, पोटरीनं मोज.
इथली प्रत्येक खाडी म्हणजे
आधी ब्रेक तापेपर्यंत उतार,
मग पाणी, मग फेरीबोटीचं तिकीट,
मग जेवढी उतरलीस तेवढीच परत वर.
"वर व्याज," असं म्हणून तो स्पोक वाजवून बघतो.

त्याच्या दुकानात मागचं चाक
मी सतरा वेळा काढलं, सतरा वेळा बसवलं.
अठराव्यांदा त्यानं शटर खाली ओढलं.
"आता अंधारात. घाटात रात्र झाली
तर दिवा धरायला मी येणार हाय काय?"
बोटांना चेन सापडली, ग्रीस सापडलं,
टायरच्या आतून फिरवलेल्या अंगठ्याला
टोचला शिंगाळ्याचा काटा.
हर्णैचं पंक्चर ते! बाभळीला कोण विचारतो इथं.
दोघंही अंधारातच हसलो.

पाच रविवार अर्धा चिरा पिशवीत घालून
आसूदचा चढ चढले.
म्हणजे पहिले दोन रविवार ढकलला.
मागून एसटी आली, कंडक्टरनं डोकं बाहेर काढलं,
माझ्याकडं बघितलं, चिऱ्याकडं बघितलं,
आणि काही न बोलता डोकं आत घेतलं.

कुठं, असं कुणी विचारत नाही.
सगळ्यांचं एकच, "एकट्याच?"
जाऊबाईंनी उत्तर तयार करून दिलंय,
वाटेत कुणी जास्त चौकशी केली तर सांगायचं,
मिस्टर मागून गाडीनं येतायत.
त्यांना जाऊन सहा वर्षं झाली.
येतायत म्हणे.
घेतलं तेही बरोबर. काट्यावर शून्य.

काल रात्री पिशवीतून चिरा काढला,
त्या जागी सामान भरलं. साडेनऊ किलो.
चिरा चौदाचा होता.
सायकल अंगणात फिरवून बघितली
तर हँडल हलकं लागून भलतीकडंच वळलं,
शेजाऱ्यांचा कुत्रा भुंकत उठला.
चिरा मागल्या दाराला लावून ठेवलाय,
वाऱ्यानं आपटतं ते.

हवा सकाळीच भरायची. रात्रभरात उतरते.
तीन वाजलेत, बंदरावर इंजिनं सुरू झाली,
एवढ्यात कुणीतरी बर्फ मागायला येईल.
रजिस्टर नव्या पोराच्या हवाली केलंय,
उद्याच्या पानावर तारीख तेवढी मी घालून ठेवली.
खाली आठ दिवस
दुसऱ्याचं अक्षर.